तीनशे अंशांचा वाफारा

आमच्या भागात भटजी उशिरा आले तरी लग्न अडत नाही, माइकवाला नसला तर अडतं. मुहूर्त सकाळचा छापलेला असतो आणि अक्षता पडतात ऊन कलल्यावर. मधला सगळा वेळ सत्कारात जातो. नवरदेव घामानं निथळत उभा, नवरीच्या हातातला हार सुकत चाललेला, आणि माइकवरून चाललेलं असतं, "आपल्या भागाचे भाग्यविधाते, तरुणांचे आशास्थान, यांचं मंडपात आगमन झालेलं आहे, त्यांनी व्यासपीठावर विराजमान व्हावं!" आशास्थानाचं वय साठीच्या पुढं असतं आणि ते चपला कुठं काढाव्यात या विचारात असतात. कुणाचं नाव आधी घेतलं आणि कुणाचं मागं पडलं, यावरून जुळलेल्या सोयरिकी मोडताना मी पाहिल्या आहेत.

मी वसराम, वारंगा फाट्याजवळच्या तांड्यावरचा. माझी साउंड सिस्टिम आहे. म्हणजे लग्नात जो सगळ्यांच्या शिव्या खातो आणि सगळ्यांच्या शेवटी जेवतो तो मी.

माझ्या माइकवर बोलायचा तो तातेराव, कळमनुरीचा. त्याच्यासारखा आवाज या पट्ट्यात दुसरा नव्हता. ग्रामपंचायतीत पडलेला उमेदवारसुद्धा त्याच्या तोंडून मंत्री वाटायचा. एकमेकांचं तोंड न बघणारे दोन पुढारी तो एकाच सोफ्यावर बसवायचा आणि दोघांनाही वाटायचं की मोठा मान आपल्यालाच मिळाला. शेकडो नावं, त्यांची पदं, गेलेली पदं, येऊ घातलेली पदं, सगळं त्याला तोंडपाठ. कागद त्यानं कधी हातात धरला नाही. धरायची ती बिडी.

बिडीनं व्हायचं ते झालं. मागच्या थंडीत घसा धरू लागला. "सन्माननीय" म्हणता म्हणता मधेच खोकला यायचा आणि सन्माननीय माणूस अर्धवट उठून पुन्हा बसायचा. त्याच दिवसांत त्याच्या निताचं लग्न ठरलं. पोरगी एकुलती एक. एका कार्यक्रमावरून परतताना टेम्पोत तो मला म्हणाला, "वसराम, सगळी जिंदगी दुसऱ्याचे नावं घेण्यात गेली. निताच्या लग्नात एकबी पुढारी न्हाई. माह्या माणसायचे नावं घेणार. ज्यायला आजवर कोनी माइकवर बोलावलं न्हाई, त्यायला येकेकाला व्यासपीठावर बसवणार. तुह्या मायलाबी. रूपाबाईच्या भाकरी खाऊन शिकलो मी, तिचं नाव सगळ्या मांडवानं आयकलं पाह्यजे."

माझी माय तांड्यातून कधी व्यासपीठाच्या जवळही गेलेली नाही. मला आधी हसू आलं, आणि मग मी टेम्पो हळू केला. तेवढ्यासाठी आवाज टिकला पाहिजे, म्हणून तातेरावनं त्याच रात्री बिडीचं बंडल नाल्यात फेकलं. इथपर्यंत माणूस शहाणा होता.

पुढं आसिफ भेटला.

आसिफचं वारंगा फाट्यावर मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पोरगं वाईट नाही. फक्त आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटतं, आणि जे कळत नाही ते तो मोबाईलवर व्हिडिओत बघतो. त्याच्याकडं ई-सिगरेट मिळायची. या वस्तूला देशात बंदी आहे, म्हणून ती समोर मांडत नाहीत, मोबाईलच्या कव्हरांमागं ठेवतात. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा काळा ठोकळा, वर तोंडात धरायची नळी, पोटात गोडसर वासाचं पातळ औषध भरायचं, आणि अंगावर एवढासा पडदा. पडद्यावर अंश दिसतात. आत तारेचं बारीक वेटोळं तापतं, ते औषधाची वाफ करतं, ती ओढायची.

"काका, ये धुआं नहीं है," आसिफ म्हणाला. "जळतच न्हाई काही. सिर्फ भाप. वाफ हाय, वाफ."

झालं. वाफ म्हटल्यावर तातेरावचे डोळे चमकले. करोनात आपण दवाखान्यानं नव्हे, वाफाऱ्यानं वाचलो असं त्याचं ठाम मत. डोक्यावरून टॉवेल घेऊन पातेल्यात तोंड घालून हा माणूस दिवस दिवस बसलेला होता. आता तेच पातेलं कुणी खिशात घालून दिलं म्हटल्यावर त्यानं तिथंच दोन झुरके घेतले आणि तोंड वाकडं केलं.

"ह्यात काय हाय रे? कोमट पाण्याची गुळणी केल्यावानी वाटून राहिलं. घशाला लागतच न्हाई."

"दोनशेवर हाय काका. तिथंच ठेवा. लई वर नेलं तर आतली कॉईल जळती, मंग मला शिव्या देऊ नका."

आसिफला कॉईलची काळजी होती. घशाची कुणालाच नव्हती, घसा ज्याचा होता त्यालाही नाही.

आता आमच्या माणसांचा स्वभाव सांगतो. जे झोंबत नाही त्याचा गुण येतो यावर आमचा विश्वास नाही. सुई दुखली नाही तर डॉक्टरनं नुसतं पाणी टोचलं म्हणतात. ठेच्यानं कानातून वाफ निघाली नाही तर सुनेचा उद्धार होतो. पाठ धरली, शेक द्या. पोट दुखलं, शेक द्या, आणि चटका बसेल असा द्या, कारण चटका बसला तरच आत पोचलं. तातेरावनं हाच हिशेब घशाला लावला. वाफ जेवढी तापलेली, तेवढा शेक. ठसका लागला की औषध लागू पडलं.

टेम्पोत बसल्या बसल्या त्यानं बटण दाबायला सुरुवात केली. थोडं वर नेल्यावर म्हणाला, "हां, आता जरा जरा कळून राहिलं." अजून वर नेलं. घसा खरवडला गेला, डोळ्यांत पाणी आलं, आणि खोकून खोकून लाल झालेल्या तोंडानं तो म्हणाला, "आता लागलं बराबर!" पुढच्या आठ-पंधरा दिवसांत चढत चढत गडी तीनशेवर गेला. त्याच्याही वर नेलं असतं, पण पडदा फार पुढं जात नव्हता.

मग प्रत्येक कार्यक्रमाआधी जनरेटरच्या मागं जाऊन वाफारा. हार आणायला उशीर, वाफारा. वरात अडकली, वाफारा. ओढलं की घटकाभर त्याला मोकळं वाटायचं. वाटणारच, बिडीत जी तलफ होती तीच या औषधातही होती, फक्त तिला आंब्याचा वास लावला होता. घटकाभरानं घसा बसायचा. बसला म्हणून अजून वाफारा, आणि त्यानं अजून बसायचा. जो चटक्यानं सुजला त्यालाच चटका, असा तो उपचार.

गंमत म्हणजे लोकांनी वाहवा केली. आवाज फाटून घोगरा झाला तर म्हणे, "तातेराव, आवाजाला आता वजन आलं." पुढाऱ्यांना तर फारच आवडलं. घोगऱ्या आवाजात स्वतःचं नाव ऐकलं की त्यांना आपण सिनेमात आल्यासारखं वाटायचं. भाऊसाहेबांनी पाठीवर थाप मारली. हे भाऊसाहेब नेमके कशाचे काय आहेत ते कुणाला सांगता येत नाही, पण ते आल्याशिवाय आमच्याकडं लग्न लागत नाही एवढं खरं. तातेराव फुगला. मी काही बोलायला गेलो की म्हणायचा, "तुला आवाजातलं काय कळते? तू डबे वाजवणारा."

एकदा औंढ्याकडं जाताना टेम्पोत करपलेल्या दुधासारखा वास सुटला. मी म्हणालो, "तातेराव, काहीतरी जळून राहिलं."

"तुही वायर आसंल."

मी टेम्पो कडेला घेतला. सगळ्या वायरी हुंगल्या, अँप्लिफायर उघडून पाहिला. कुठंच काही नव्हतं. परत येऊन बघतो तर हा ठोकळा तोंडातून काढून थुंकत होता. आतलं औषध संपत आलेलं, ते शोषून घेणारी कापसाची वात कोरडी पडलेली, आणि तापलेली तार ती वातच जाळत होती. मला हे तेव्हा कळलं नाही. त्याला तर मुळीच नाही. तो म्हणाला, "आज लई कडक लागलं. आज आवाज पाह्य कसा निघते."

निघाला. औंढ्यात भाऊसाहेबांच्या पुतण्याचं लग्न होतं. मांडव खचाखच. भाऊसाहेब गाडीतून उतरले, तातेरावनं छाती भरून घेतली आणि "आपल्या भागाचे भाग्य" इथपर्यंत आला. पुढं जे निघालं ते दार करकरल्यासारखं. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा करकर. पोरांनी हसायला सुरुवात केली, एकानं शिट्टी मारली. भाऊसाहेब हात जोडून प्रवेशद्वारात उभे, ना आत येता येईना ना बाहेर जाता येईना. शेवटी नवरदेवाच्या मामानं माइक घेतला आणि सगळी नावं उलटसुलट करून टाकली. भाऊसाहेबांनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही. नुसती बासुंदी घेतली.

दुसऱ्या दिवशी मी तातेरावला नांदेडला घशाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी नळी घालून आत पाहिलं. नळी बाहेर काढली आणि विचारलं, "काय ओढता?"

"बिडी सोडली बाई," तातेराव अभिमानानं घोगरला आणि ठोकळा टेबलावर ठेवला. "आता निस्ता वाफारा घेतो."

बाईंनी पडदा पाहिला. तीनशे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला.

"पाणी शंभर अंशांना उकळतं, माहिती आहे ना? तुम्ही पातेल्यावर घेता ती पाण्याची वाफ. ही पाण्याची नाही. यात निकोटीन आहे, तेच जे बिडीत होतं, आणि ते ज्यात मिसळतात तो पातळ पदार्थ आहे. तो बेतानं तापवला तर त्याची वाफ होते. जास्त तापवला की तो फुटतो, करपतो, आणि त्यातून विषारी वायू निघतात. प्रेतं टिकवायला जे औषध वापरतात ना, त्यातलाच एक. दूध तापणं वेगळं आणि बुडाला लागणं वेगळं. तुम्ही रोज बुडाला लावून पीत होता."

"पर बाई, ते घशाला लागायचं म्हणून वाटायचं गुण येऊन राहिला."

"लागायचं ते गुण येत होता म्हणून नाही. घसा ओरडत होता, की हे नको."

तातेराव विचारात पडला. मला वाटलं, पश्चात्ताप झाला असेल. पण तो माणूस कळमनुरीच्या बाजारात वाढलेला. म्हणाला, "मंग दोनशेवर ठेवली तर चालंल?"

"दोनशेवर कमी करपतं. म्हणून ते औषध होत नाही. निकोटीन आहेच, आणि वात सुकली की तार कुठवर तापते याचा भरवसा नाही."

"दीडशे?"

बाईंनी तो ठोकळा उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग शांतपणे सांगितलं, "स्वरयंत्र भाजल्यासारखं सुजलंय. एक महिना शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानंही ताण पडतो. ऐकलंत तर आवाज परत येईल. मधेच जोर लावलात तर मी खात्री देत नाही."

निताचं लग्न आठवड्यावर होतं.

येताना टेम्पोत मी बडबडत होतो आणि तो खिडकीबाहेर बघत होता. फाट्यावर आसिफ दिसला, त्यानं हात केला, मी थांबलो नाही. मला आसिफचा राग आला होता, तातेरावचा आला होता, आणि घोगऱ्या आवाजाला टाळ्या देणाऱ्या सगळ्या गावाचा आला होता. "मी वाचतो माइकवर नावं, तू निस्ता बोट दाखव," मी म्हणालो. त्यानं मान हलवली. ती नावं दुसऱ्याच्या तोंडून त्याला नको होती. "मंग पोरीचं लग्न महिनाभर पुढं ढकल," म्हटलं. त्यानं समोर ठेवलेली पत्रिका उचलून माझ्यापुढं धरली. सगळ्या पत्रिका वाटून झाल्या होत्या.

तो आठवडा त्यानं खरंच तोंड उघडलं नाही. घरात पहिल्यांदा वहिनींचं, म्हणजे तातेरावच्या बायकोचं, वाक्य पुरं होऊ लागलं, असं निता मला हसत सांगत होती आणि सांगता सांगता रडली.

लग्नाच्या दिवशी मग चमत्कार झाला. माइकवर बोलणारा कुणी नाही, त्यामुळं सत्कार नाही. सत्कार नाही, त्यामुळं अक्षता मुहूर्तावर पडल्या. आमच्या तालुक्यात हे कुणी पाहिलेलं नव्हतं. अर्धे पाहुणे रस्त्यातच होते. भटजींचा स्वतःवर विश्वास बसेना. पंगती बसल्या, वाढपी पळू लागले, आणि तेवढ्यात गाड्यांचा ताफा आला. भाऊसाहेब. त्यांना पत्रिका नव्हती, पण औंढ्याचं त्यांच्या मनात राहिलं होतं. तिथं आपलं नाव अडकलं, ते इथं माइकवरून नीट निघालं पाहिजे.

"लग्न लागलं?" ते मांडवात येऊन म्हणाले. "मी आलो न्हाई आन् लागलं कसं?"

आणि ते थेट व्यासपीठावर जाऊन मधल्या सोफ्यावर बसले आणि वाट पाहू लागले. त्यांच्यासोबतच्या एकानं माझ्यासमोरचा माइक उचलला आणि तातेरावच्या हातात कोंबला.

मी आडवा गेलो. "साहेब, त्यायचा आवाज गेला. डॉक्टरनं एक शब्द बोलायचा न्हाई म्हणून सांगितलं."

"आसंल," तो माणूस म्हणाला. "भाऊसाहेबांपुरता तर आसंल ना?"

तातेराव माइककडं बघत उभा राहिला. मी मशीनपाशी परत येऊन मान हलवत होतो, नको, नको. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि डाव्या हातानं खूण केली, चालू कर. मी बटण वर सरकवलं. भाऊसाहेबांनी उपरणं सारखं केलं, हात जोडायच्या बेतात आणले आणि ते सोफ्यावरून जरासे उठले.

चारही खांबांवरून पत्रा ओढल्यासारखा आवाज आला.

"सन्माननीय... शिलाबाई... यांनी... व्यासपीठावर... विराजमान व्हावं."

पंगतीतली डोकी वर झाली. ही शिलाबाई कोण, ते मलाही क्षणभर कळलं नाही. भाऊसाहेब अर्धे उठलेले तसेच राहिले, मग त्यांनी उठण्याचं काही कारण शोधलं आणि न सापडल्यानं पुन्हा बसले. बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. निताची माय, म्हणजे आमच्या वहिनी, तिथं पंगतीत बुंदी वाढत होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली, हात पदराला पुसला आणि बाजूच्या बाईला म्हणाल्या, "कोन्या पुढाऱ्याची बायको आली वाटते. आन् पाणी द्यायला तिथं कोनीच न्हाई, पाहा." मग त्यांनी स्वतःच ताटलीत ग्लास भरून घेतला आणि गर्दीतून वाट काढत, पायऱ्या चढून, त्या पाहुणीला शोधत व्यासपीठावर आल्या.

वर कुणी बाई नव्हती. त्या गोंधळून उभ्या राहिल्या. तातेरावनं त्यांच्या हातातली ताटली काढून घेतली, भाऊसाहेबांच्या हातात दिली, आणि वहिनींना खांद्याला धरून नवरीशेजारच्या खुर्चीत बसवलं. वहिनी बसल्या. स्वतःचं नाव त्यांनी कित्येक वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, त्यांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि निता त्यांच्या गळ्यात पडली.

तातेराव पुन्हा माइककडं वळला. त्याची मान ताणली गेली, गळ्याच्या शिरा वर आल्या. ओठ हलले. ते नाव मी ओळखलं. लहानपणापासून तांड्यात ऐकलेलं मायचं नाव मला ओठांवरून कळणारच. पण खांबांवरून नुसती हवा आली. त्यानं पुन्हा ओठ हलवले. पुन्हा हवा.

भाऊसाहेब हातात पाण्याची ताटली घेऊन माझ्याकडं वळून म्हणाले, "साउंड भिकार हाय तुमचा."

सगळ्यात मागच्या रांगेत, खांबाला टेकून माझी माय बसली होती. तिनं ओढणी कानामागं सारली होती आणि मान पुढं काढून ऐकत होती. मी बटण वर सरकवत राहिलो, ते शेवटाला जाऊन टेकलं होतं तरी.